कात्री नको, आधी वड बघू या

बडोद्याचं नाव वडावरून पडलं म्हणतात, म्हणून रविवारच्या बालवर्गात आम्ही जुन्या कागदांचा वड घेतोय. तयार नमुना पुढे ठेवणार नाही. ठेवला की सगळे वड एकसारखे होतात, आणि झाड कुणीच बघितलेलं नसतं!

आधी दहा मिनिटं खऱ्या वडाखाली. खोडावरून, पारंब्यांवरून हात फिरवायचा. मग कागद हाताने फाडायचा. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की लांब सरळ पट्ट्या निघतात, त्या पारंब्या. आडवं फाडलं की वेडंवाकडं फाटतं, ते खोडाला. हे ताईंनी सांगू नये, मुलांना सापडू दे. मैद्याची खळ मात्र थोडीच लावायची, नाहीतर कागद सुरकुततो.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी दृष्टी गेल्यावरही रंगीत कागद कापून, हातांनी चाचपून चित्रं करत. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला.

कुणी जांभळा वड केला तर दुरुस्त करू नका. "जांभळा का रे?" एवढंच विचारा, आणि उत्तर ऐका. पालकांनाही विनंती, ग्रुपवर फोटो छान यावा म्हणून घरी कडा कापून सारख्या करू नयेत.

येताना रद्दी आणि जुनं कॅलेंडर आणावं.