बाळासाठी गोळ्या सोडू नका

किडनी बदलून वर्ष उलटलं, क्रिएटिनिन जागेवर आलं, तेव्हा आम्ही मुलाचा विचार केला. किडनी माझ्या बायकोनंच दिली होती.

आत्या म्हणाली, “एवढ्या गोळ्या खातोस, बाळाला बाधतील. चार महिने बंद ठेव.” मायेपोटीच म्हणाली ती. पण माझ्या शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणाऱ्या मित्रानं हेच केलं होतं. आईची किडनी मिळाली, लग्न झालं आणि शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं मायकोफेनोलेट त्यानं कुणाला न विचारता सोडलं. लघवी कमी झाली, पाय सुजले, बायोप्सीत रिजेक्शन निघालं. आईची किडनी गेली, आणि तो पुन्हा आठवड्यातून तीनदा मशीनवर आला.

बाईला ट्रान्सप्लांट झालं असेल तर गर्भधारणेआधी मायकोफेनोलेट बदलावंच लागतं, त्यानं गर्भात व्यंग येऊ शकतं. पुरुषाचं तसं नाही. बापाच्या गोळ्यांमुळे व्यंगं वाढल्याचं आजवरच्या माहितीत दिसलेलं नाही. तरी खबरदारी म्हणून युरोपातले औषध नियामक गोळी चालू असेपर्यंत आणि थांबल्यावर 90 दिवस गर्भनिरोधन वापरायला सांगतात. म्हणून गोळी तीच ठेवायची की बदलायची, हे नेफ्रॉलॉजिस्टनंच ठरवायचं. सिरोलिमस या तशाच दुसऱ्या औषधानं शुक्राणू घटू शकतात. औषध बदलल्यावर बऱ्याच जणांत ते पुन्हा वाढतात. पण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा रिपोर्ट लगेच सुधारला नाही म्हणून घाबरू नका. ‘ताकदी’साठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर मुळीच घेऊ नका, त्यानं शुक्राणू उलट कमी होतात. आणि आजार आनुवंशिक असेल, उदाहरणार्थ पॉलिसिस्टिक किडनीचा नेहमीचा प्रकार, तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. त्याबद्दल आधीच विचारून घ्या.

हे सगळं माझ्याबद्दल झालं. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. बायको धडधाकट, तिला काय होणार! पहिल्या दवाखान्यात तिच्या केसपेपरवर एक किडनी असल्याची नोंदच झाली नाही, आम्ही सांगूनसुद्धा. माझ्या नेफ्रॉलॉजिस्टना ते कळलं तेव्हा ते चिडले. कॅनडात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांत गरोदरपणी बीपी वाढणं किंवा प्रीएक्लॅम्प्सिया 11 टक्के वेळा दिसला, न दिलेल्यांत 5 टक्के. बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात, हेही त्यांनी सांगितलं. पण डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. मग दर भेटीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासणं सुरू झालं. आठव्या महिन्यात तिचं बीपी खरंच चढलं, वेळेत कळलं म्हणून औषधानं आवरलं.

आपल्याकडे नवऱ्याला किडनी देणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी आई होणार असेल तर दात्याच्या तपासणीचे जुने कागद पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवा आणि नोंद समोर करून घ्या. बाळंतपणाच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरांनाही सांगा, कारण तिथे दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅक सहज दिलं जातं आणि एका किडनीवर असलेल्या बाईनं ते टाळायचं असतं.