गावाचं शिवार, गावाची माणसं आणि पाण्याचा हिशोब

मैत्रिणींनो, गटाचा जमाखर्च आपण पै-पैचा लिहितो. पण आपल्या गावाचं क्षेत्र किती, माणसं किती, असं कुणी विचारलं तर आपण सरपंचाकडे बघतो. या महिन्याचा पाठ गावाच्या हिशोबाचा आहे.

उदाहरण म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घेऊ. गाव लहान, लोकसंख्या बाराशेच्या आसपास. शिवार सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे २४०० एकरांच्या घरात. भाग पर्जन्यछायेचा. सह्याद्रीत पाऊस कोसळतो आणि इकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. वर्षाला ४०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी. पूर्वी इथले लोक मजुरीला बाहेर जायचे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले, झाडं लावली.

आता हिशोब. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १०,००० लिटर पाणी होतं. कमी पावसाचं वर्ष धरू, ३०० मिलिमीटर. ९७६ गुणिले ३०० गुणिले १०,०००, उत्तर येतं जवळजवळ २९३ कोटी लिटर. आणि माणसांना किती लागतं? माणशी रोज ५५ लिटर धरलं तर १२०० माणसांना वर्षाला सुमारे २ कोटी ४१ लाख लिटर. शंभरातला एक हिस्सासुद्धा नाही!

मग बायकांच्या डोक्यावर हंडा का? कारण पडलेलं सगळं पाणी आपलं नसतं. काही उन्हानं उडतं, उघड्या उतारावरचं ओढ्यानं वाहून जातं, थोडंच जमिनीत मुरतं. आणि मुरलेल्यातलं बहुतेक पिकं पितात. टंचाई आली की आपण म्हणतो माणसं वाढली. पण हा हिशोब बघितला तर आधी पिकाकडे बोट जातं. म्हणून हिवरे बाजारात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि त्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. पिण्याचं पाणी आधी. उसासारखी तहानलेली पिकं आणि शेतीसाठी बोअर, दोन्हीला मनाई.

आदर्श गावच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदानासोबत नसबंदीही आहे. त्यावर एक बोलायलाच हवं. लोकसंख्या आटोक्यात ठेवायची म्हटलं की ऑपरेशनला बाईच पुढे. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असूनही घरात तो विषय निघत नाही. तो काढायला गटाची सभा बरी जागा आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. शिवाराचं एकूण क्षेत्र तलाठ्याकडे मिळतं, त्यात गायरान किती, वनजमीन किती तेही विचारा. लोकसंख्या ग्रामपंचायतीत मिळेल, पण ती बहुधा २०११ च्या जनगणनेची सांगतील, कारण २०२१ ची लांबली. शिवाय जनगणनेत आकडा महसुली गावाचा असतो. तुमची वाडी, तांडा, पाडा त्या आकड्यात विरघळून जातो. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी धरतात. ती मागायला गेलं की वाडीत किती माणसं, सहा वर्षांखालची पोरं किती, हे पहिलं विचारतात. "लई हाईत" हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून घरोघर फिरून आपणच मोजायचं. घरातली माणसं, सहा वर्षांखालच्या मुली आणि मुलगे वेगवेगळे, एकट्या राहणाऱ्या बाया, ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेले. बाहेर गेलेल्यांना वगळू नका, ती दिवाळी-पाडव्याला येतात आणि नळ त्यांनाही लागतो.

जनावरंही लिहा. दुभती संकरित गाय दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते, म्हणजे एका माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त. गटातल्या दहाजणींनी कर्ज काढून प्रत्येकी दोन गाई घेतल्या, तर गावात पाण्याच्या हिशोबाने वीसपेक्षा जास्त माणसं वाढली. गाई घेऊ नका असं नाही, पण उन्हाळ्यात विहिरीला पाणी कुठवर असतं ते कर्जाच्या अर्जाआधी बघून घ्या. हप्ता वैशाखातही भरावा लागतो.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक गटानं तीन आकडे वहीत लिहून आणायचे: शिवार किती हेक्टर, माणसं किती, गेल्या वर्षीचा पाऊस किती मिलिमीटर. गुणाकार सभेत मिळून करू. मोबाईल एकीकडे असला तरी पुरे.