कबड्डी बघताना पाय का हलतो?

प्रश्न : आमचे बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे. टीव्हीवर सामना चालू असताना पकडीत सापडलेल्या चढाईपटूने मध्यरेषेकडे पाय ताणला, की खुर्चीत बसलेल्या बाबांचाही पाय झटक्यात पुढे जातो. शेजारी बसून तोच सामना बघणारी आई मात्र स्वस्थ असते. असं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हालचाल बघणं आणि ती स्वतः करणं, या दोन्ही कामांत मेंदूतली काही यंत्रणा सामाईक असते. इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलाती आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या. माकडाने खाऊ उचलला की त्या चेतत आणि समोरच्या माणसाने उचलला तरी चेतत. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांवरचा प्रयोग १९९५चा. वस्तू पकडणारा हात बघत असलेल्या माणसाच्या मेंदूला चुंबकीय झटका दिला, तर पकडीला लागणाऱ्या त्याच्याच हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद वाढलेला दिसला. हात स्थिर होता, पण तयारी सुरू झाली होती.

ही तयारी कधी आड येते. हात वर-खाली हलवताना समोरचा माणूस आडवा हात हलवू लागला, की आपल्या हाताची रेषा बिघडते. २००३च्या या प्रयोगात यंत्रमानवाचा हात बघून मात्र ती बिघडली नाही.

आता आई-बाबांमधला फरक. लंडनमध्ये बॅले आणि कापुएरा या दोन शैलींच्या नर्तकांना दोन्हींच्या चित्रफिती दाखवल्या. प्रत्येकाच्या मेंदूतली हालचालींची केंद्रं स्वतःच्या शैलीतली पावलं बघताना अधिक जागी झाली. म्हणजे ज्या हालचाली अंगात मुरल्या आहेत, त्यांना साद जास्त जाते.

मग आपण दिवसभर सगळ्यांच्या नकला का करत नाही? कारण मेंदूचा कपाळामागचा भाग लगाम धरून असतो. या भागाला इजा झालेले काही रुग्ण कोणी न सांगता डॉक्टरांच्या हावभावांची नक्कल करतात, असं फ्रेंच मेंदूतज्ज्ञ लेर्मित यांनी १९८०च्या दशकात नोंदवलं. निरोगी माणसाचाही लगाम ऐन रंगलेल्या क्षणी थोडा सैल पडत असावा. बाबांचा पाय बहुधा तेव्हाच निसटतो.

आई कधी खो-खो किंवा बॅडमिंटन खेळल्या असतील, तर एकदा तो सामना लावा आणि पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा.