टॅबलेट बिनतारी जाळ्यास जोडला जात नसेल तर काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्या नित्याच्या साधनांत आता टॅबलेटची भर पडली आहे. हवामानाचा अंदाज, बाजार समितीतील भाव, योजनांचे अर्ज व पिकांच्या नोंदी ही कामे त्यावर होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद शेतातील छायाचित्रासह स्वतः करता येऊ लागली. अशा कामांना मुदत असते. शेतात जमविलेली माहिती मुदतीच्या आत पाठविण्यासाठी टॅबलेट कचेरीतील बिनतारी जाळ्यास, म्हणजेच वाय-फायला जोडावा आणि तो जोडलाच जाऊ नये, असा प्रसंग पुष्कळदा येतो.

अशा वेळी घाईने एकामागून एक सेटिंग बदलली जातात, आणि शेवटी कोणाच्या तरी सल्ल्यावरून संपूर्ण टॅबलेट पुसून कोरा केला जातो. त्यानंतर वाय-फाय कदाचित सुरू होते, परंतु न पाठविलेल्या नोंदी व छायाचित्रे नष्ट झालेली असतात. पीक काढून झाले असेल तर ती छायाचित्रे पुन्हा घेता येत नाहीत. हे नुकसान टाळण्यासाठी दोन नियम पाळावेत. दोष कोठे आहे हे ठरविल्यावाचून काहीही बदलू नये. आणि उपाय करताना ज्यात सर्वांत कमी अपाय तो उपाय सर्वांत आधी करावा.

१. जोडणीचे तीन टप्पे

विहिरीचे पाणी वाफ्यापर्यंत न पोचल्यास जाणता शेतकरी एकदम पंप खोलून बसत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो व पाणी कोठे फुटले ते पाहतो. येथेही तसेच करावयाचे आहे. जोडणीचे टप्पे तीन आहेत. पहिला टप्पा टॅबलेटपासून कचेरीतील राउटरपर्यंतचा. हाच तेवढा बिनतारी असतो. दुसरा टप्पा राउटरपासून सेवा पुरविणाऱ्या संस्थेपर्यंतचा. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेतून ज्या ग्रामपंचायतींना जोडणी मिळाली, तेथे हा टप्पा काचतंतूच्या केबलचा असतो. तिसरा टप्पा तेथून आपणांस हव्या असलेल्या संकेतस्थळापर्यंतचा. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते याचा अर्थ एवढाच की, पहिला टप्पा ठीक आहे. पुढील दोन टप्प्यांविषयी ती खूण काहीच सांगत नाही.

२. प्रथम करावयाच्या दोन कसोट्या

पहिली कसोटी : टॅबलेट जेथे आहे तेथेच उभे राहून दुसरा एखादा मोबाइल त्याच वाय-फायला जोडावा. जोडण्यापूर्वी त्या मोबाइलचा मोबाइल डेटा बंद करण्यास विसरू नये; नाहीतर तो आपल्या सिमकार्डावरून चालेल आणि वाय-फाय उत्तम आहे असा खोटा समज होईल.

दुसरी कसोटी : मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टॅबलेट त्यास जोडून पाहावा.

या दोन कसोट्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा.

(अ) मोबाइलही वाय-फायवर चालत नसेल, तर दोष राउटरचा किंवा केबलचा आहे. टॅबलेटला हात लावू नये.

(आ) मोबाइल वाय-फायवर चालतो, परंतु टॅबलेट वाय-फाय व हॉटस्पॉट या दोहोंवरही चालत नाही. तर दोष टॅबलेटमध्ये आहे.

(इ) मोबाइल वाय-फायवर चालतो, टॅबलेटही हॉटस्पॉटवर चालतो, परंतु टॅबलेट व कचेरीचे वाय-फाय एवढेच एकमेकांशी जुळत नाहीत. तर दोष परवलीच्या शब्दात, साठविलेल्या जुन्या सेटिंगमध्ये किंवा राउटरने घातलेल्या बंधनात आहे. हट्टी म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी पुष्कळ या प्रकारच्या असतात.

टॅबलेट हॉटस्पॉटवर चालत असेल व मुदत जवळ आली असेल, तर अडकलेल्या नोंदी त्यावरूनच पाठवून द्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर शांतपणे करता येते.

३. जाळ्याचे नावच दिसत नाही

टॅबलेटवरील यादीत कचेरीच्या जाळ्याचे नाव दिसत नसेल, तर तो राउटरजवळ नेऊन पाहावे. जवळ गेल्यावर नाव दिसू लागल्यास प्रश्न अंतराचा व अडथळ्यांचा आहे. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, जाड दगडी भिंत व ओल आलेली भिंत यांतून लहरी दुर्बळ होतात. राउटर कपाटामागे किंवा जमिनीवर न ठेवता मोकळ्या जागी, उंचावर ठेवावा.

जवळ जाऊनही नाव दिसत नसेल, तर पट्ट्याचा विचार करावा. पुष्कळ राउटर २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिल्याचा वेग कमी, परंतु तो लांबवर पोचतो व भिंतीतून बरा जातो. दुसरा वेगवान, परंतु त्याचा पल्ला आखूड. काही जुने व स्वस्त टॅबलेट फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरचा तो पट्टा बंद असेल, तर अशा टॅबलेटला जाळे दिसणारच नाही. राउटर सांभाळणाऱ्यास सांगून तो पट्टा सुरू करून घ्यावा. त्या पट्ट्यात शेजारच्या राउटरांची गर्दी असल्यास १, ६ किंवा ११ या वाहिन्यांपैकी एक निवडावी. कारण या तीन वाहिन्या एकमेकींवर पडत नाहीत.

४. परवलीचा शब्द स्वीकारला जात नाही

सर्वांस परवलीचा शब्द पाठ असतो, तरीही टॅबलेट तो नाकारतो. याचे एक कारण आपल्या भाषेच्या कळफलकात दडलेले असते. मराठी कळफलक सुरू असताना टाकलेले अंक देवनागरी असू शकतात. आपल्या दृष्टीने १ हा एकच अंक असला, तरी यंत्राच्या दृष्टीने देवनागरी एक व इंग्रजी एक ही दोन निरनिराळी चिन्हे आहेत. म्हणून परवलीचा शब्द इंग्रजीत ठरविलेला असल्यास तो टाकताना कळफलक इंग्रजी करून घ्यावा. पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत आले आहे काय, शेवटी रिकामी जागा पडली आहे काय, हेही पाहावे. शब्द झाकलेला दिसत असल्यास डोळ्याची खूण दाबून तो उघड करावा व एकेक अक्षर ताडून पाहावे. हा शब्द ८ अक्षरांहून कमी असत नाही. त्याहून कमी अक्षरे टाकल्यास जोडण्याचे बटणच उमटत नाही.

शब्द बिनचूक असूनही नकार येत असल्यास सुरक्षेच्या पद्धतीकडे पाहावे. डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ साली आली. त्यापूर्वीच्या अनेक टॅबलेटना ती समजत नाही. नवा राउटर केवळ याच पद्धतीवर ठेवलेला असेल, तर जुना टॅबलेट बाहेरच राहतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ अशी मिश्र पद्धत निवडल्यास दोन्ही चालतात. अडचण टाळण्यासाठी परवलीचा शब्दच काढून टाकून जाळे सर्वांस खुले करणे मात्र सर्वथा अयोग्य होय.

५. शब्द स्वीकारला, परंतु जोडणी पुरी होत नाही

राउटर प्रत्येक यंत्रास एक क्रमांकवजा पत्ता देतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. तो मिळत नसेल, तर पडद्यावर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ अशा अर्थाचा संदेश रेंगाळत राहतो, किंवा १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसतो. याची तीन कारणे संभवतात.

(अ) राउटरकडील पत्ते संपले. शिबिराच्या दिवशी अनेक मोबाइल जोडले गेल्यास असे होते. राउटर बंद करून सुमारे अर्ध्या मिनिटाने सुरू करावा व अनावश्यक यंत्रे बाजूस काढावीत.

(आ) टॅबलेटमध्ये पूर्वी कोणीतरी हाताने स्थिर पत्ता भरून ठेवला आहे. त्या जाळ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपीसाठी ‘डीएचसीपी’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पत्ता आपोआप मिळेल.

(इ) राउटरमध्ये ठराविक यंत्रांनाच प्रवेश दिलेला आहे. प्रत्येक यंत्राची मॅक क्रमांक नावाची एक ओळख असते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयपॅडओएस १४ पासून टॅबलेट खाजगीपणा राखण्यासाठी खऱ्या क्रमांकाऐवजी बनावट क्रमांक सांगू लागले. त्यामुळे राउटर आपल्याच टॅबलेटला परका समजतो. कचेरीच्या जाळ्यापुरता ‘यंत्राचा मॅक’ हा पर्याय निवडावा, किंवा आयपॅडवर ‘खाजगी वाय-फाय पत्ता’ बंद करावा.

६. जोडले गेले, परंतु इंटरनेट नाही

प्रथम दुसरा टप्पा तपासावा. काचतंतूच्या जोडणीच्या पेटीवर एलओएस असे लिहिलेला दिवा तांबडा लुकलुकत असल्यास केबलमधून प्रकाश येत नाही असे समजावे. केबल तुटलेली, वाकलेली किंवा निसटलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी सेवा पुरविणाऱ्यास कळविण्यावाचून उपाय नाही. केबलच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपायकारक असतो.

दिवा ठीक असून इतर यंत्रे चालत असतील, तर टॅबलेटमध्ये पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

तारीख व वेळ : स्वयंचलित वेळ बंद असल्यास किंवा बॅटरी पूर्ण उतरून गेल्यास तारीख मागे पडू शकते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. टॅबलेटची तारीख चुकली की तो खरे प्रमाणपत्रही अमान्य करतो आणि संकेतस्थळ उघडत नाही. तारीख सुधारताच हा दोष नाहीसा होतो.

प्रॉक्सी, व्हीपीएन व खाजगी डीएनएस : ही तीन सेटिंग पूर्वी कोणी भरून ठेवली असल्यास टॅबलेट अस्तित्वात नसलेल्या वाटेने जाऊ पाहतो. अँड्रॉइडमध्ये खाजगी डीएनएसचे सेटिंग २०१८ च्या ९ व्या आवृत्तीपासून आले. कचेरीने मुद्दाम ठरवून दिले नसेल, तर प्रॉक्सी ‘काहीही नाही’, व्हीपीएन बंद व खाजगी डीएनएस ‘स्वयंचलित’ असे ठेवावे.

प्रवेशाचे पान : डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणीसारख्या सार्वजनिक वाय-फायमध्ये जोडणी झाल्यावरही ओळख पटवून द्यावी लागते. सार्वजनिक वाय-फायवर प्रवेशाचे पान आपोआप न आल्यास ब्राउझर उघडून पाहावे.

७. उपायांची चढती पायरी

वरीलपैकी कोणतेही कारण न सापडल्यास पुढील उपाय याच क्रमाने करावेत. प्रत्येक उपायानंतर जोडून पाहावे व एका वेळी एकच बदल करावा.

पहिली पायरी : वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरी : टॅबलेट बंद करून सुरू करणे. तिसरी : यादीतील जाळ्याच्या नावावर जाऊन ‘विसरा’ हा पर्याय निवडणे व परवलीचा शब्द नव्याने टाकणे. राउटरचा शब्द बदलल्यावर जुना शब्द टॅबलेटच्या स्मरणात राहून जो घोटाळा होतो, तो येथे मिटतो. चौथी : ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’. यात साठविलेली सर्व जाळी व त्यांचे परवलीचे शब्द जातात, ब्लूटूथच्या जोडण्याही जातात. परंतु छायाचित्रे व नोंदी राहतात. म्हणून परवलीचे शब्द आधी वहीत टिपून घ्यावेत.

पाचवी व शेवटची पायरी म्हणजे संपूर्ण टॅबलेट कोरा करणे. यात सर्व काही जाते. न पाठविलेली एकही नोंद टॅबलेटमध्ये नाही, याची खात्री झाल्यावाचून ही पायरी चढू नये. ‘ॲपचा डेटा पुसा’ हा पर्यायही तितकाच धोक्याचा आहे. कारण ॲपमध्ये थांबून राहिलेल्या नोंदी त्याने जाऊ शकतात. दोन्ही कसोट्यांवरून दोष राउटरचा आहे असे ठरले असेल, तर टॅबलेट कोरा करून काहीच साधत नाही. नुकसान मात्र होते.

८. नोंदवही ठेवावी

कचेरीत एक लहानशी वही ठेवून तीत तारीख, लक्षण, केलेला बदल व त्याचा परिणाम हे चार रकाने लिहावेत. बदल निरुपयोगी ठरल्यास तो मागे घ्यावा व तसे नमूद करावे. पूर्वी कोणी स्थिर पत्ता भरला अथवा प्रॉक्सी घातली हे वहीत लिहिलेले असेल, तर पुढील माणसाचे कष्ट वाचतात. तज्ज्ञास बोलवावे लागले तरी त्यास सुरुवातीपासून चौकशी करावी लागत नाही.

शेतातून परतल्यावर त्या दिवशीच्या नोंदी त्याच दिवशी पाठविण्याची सवय लावून घ्यावी. टॅबलेटमध्ये काही साचून राहिलेले नसेल, तर जोडणी बिघडली तरी कोणाचेही नुकसान होत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मोबाइलवर कसोटी घेताना त्याचा मोबाइल डेटा बंद का करावा?

२. टॅबलेट हॉटस्पॉटवर चालतो, परंतु कचेरीच्या वाय-फायवर चालत नाही. कोणकोणती कारणे संभवतात?

३. आपल्या टॅबलेटमध्ये आज न पाठविलेल्या नोंदी किती आहेत? पाहून वहीत लिहा.