सक्तीचे मतदान आणि गावची मतदारयादी

लोकशाहीत मतदान हा नागरिकाचा हक्क आहे, तसेच ते त्याचे कर्तव्यही मानले जाते. मग हे कर्तव्य कायद्याने सक्तीचे का करू नये, असा प्रश्न वेळोवेळी विचारला जातो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के, तर दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के मतदान झाले. अशी तफावत दिसली की सक्तीचा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे.

अन्यत्रचा अनुभव

बेल्जियमने १८९३ मध्ये, तर ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये मतदान सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियात संघीय निवडणुकीत सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्यास २० डॉलर दंड होतो. आपल्याकडे गुजरात विधानसभेने २००९ मध्ये स्थानिक संस्थांसाठी असे विधेयक संमत केले. त्यास २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली. परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आणि विधी आयोगाने मार्च २०१५ मधील अहवालात सक्तीची शिफारस केली नाही.

कोकणातील वस्तुस्थिती

कुडाळ तालुक्यात कर्ली नदीकाठी वसलेल्या वालावलसारख्या गावाचा विचार केल्यास या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. तळकोकणातील गावांचा मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. चाकरमानी गणेशचतुर्थीला आवर्जून गावी येतो. मतदानाच्या दिवशी त्याला येता येईलच असे नाही. त्याचे नाव गावच्या यादीत असेल, तर सक्तीच्या कायद्याखाली दंड कोणाला करावयाचा?

या बाबतीत १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट आहे. मतदार ज्या ठिकाणी सामान्यतः राहतो, तेथेच त्याची नोंद व्हावयास हवी. गावी केवळ घर आहे, एवढ्याने तो तेथील रहिवासी ठरत नाही. मात्र काही काळ बाहेरगावी गेल्याने त्याचे रहिवासीपण संपतही नाही. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदविता येत नाही. म्हणजेच यादीतील प्रत्येक नावाची शहानिशा आवश्यक ठरते. ती न करता सक्ती लादल्यास मृत आणि स्थलांतरित व्यक्तीही कागदोपत्री कसूरदार ठरतील.

गावपातळीवरील कार्य

ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. त्यामुळे मूळ यादी निर्दोष असणे पंचायत सदस्यांच्याही हिताचे आहे. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा आक्षेपासाठी नमुना ७ आणि स्थलांतर वा दुरुस्तीसाठी नमुना ८ उपलब्ध आहे. ग्रामसभेत यादीचे वाचन व्हावे, शिक्षकांनी अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणांना नोंदणीस प्रवृत्त करावे आणि गावाबाहेर स्थायिक झालेल्यांना तेथे नाव नोंदविण्यास सांगावे. मात्र स्थलांतराच्या कारणाने कोणाचेही नाव त्याची बाजू ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय वगळले जाऊ नये, हे कायद्याचे बंधन कटाक्षाने पाळावे.

मतदाराचे नाव योग्य जागी असेल आणि केंद्रापर्यंत पोहोचणे त्याला सुलभ असेल, तरच त्याच्या गैरहजेरीचा जाब विचारण्यात अर्थ आहे. ही सिद्धता होईपर्यंत दंडाच्या भयापेक्षा प्रबोधनाचा मार्गच श्रेयस्कर होय.