राज्यशास्त्राचे अध्ययन आणि सेवेच्या संधी

बारावीचा निकाल लागला की कला शाखेच्या विद्यार्थ्यापुढे विषयनिवडीचा प्रश्न उभा राहतो. राज्यशास्त्र घेऊन पुढे काय, ही पालकांची शंका रास्त आहे. तिचे निरसन करण्यासाठी हा विषय काय शिकवितो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

विषयाचे स्वरूप

राज्यशास्त्र म्हणजे निवडणुकीतील हारजितीची चर्चा नव्हे. सत्ता कोणाकडे असावी, तिला मर्यादा कोणत्या असाव्यात आणि नागरिकाने तिला जाब कसा विचारावा, हे या शास्त्राचे मूळ प्रश्न होत. अ‍ॅरिस्टॉटलने ग्रीक नगरराज्यांच्या संदर्भात, तर कौटिल्याने राज्याची सप्तांगे सांगताना या प्रश्नांचा विचार केला. विद्यापीठीय अभ्यासक्रमात राजकीय सिद्धांत, भारतीय संविधान, तुलनात्मक शासन, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांचा समावेश असतो.

गाव हीच प्रयोगशाळा

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. अकराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी २९ विषय नमूद झाले आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखीव ठरल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तथापि, महिला सरपंचाच्या नावाने दुसराच कोणी कारभार पाहत असेल, तर कायदा आणि वास्तव यांतील अंतर उघड होते. हे अंतर ओळखणे, त्याची कारणे शोधणे आणि ते मिटविण्याचे उपाय सुचविणे, हेच या विषयाच्या अभ्यासकाचे काम होय.

सेवेची क्षेत्रे

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय असून त्याच्या दोन प्रश्नपत्रिकांना एकूण ५०० गुण आहेत. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतही संविधान व शासनव्यवहार यांवर भर असतो. ही परीक्षा मराठीतून देता येते. मात्र जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे विद्यार्थ्यास आरंभीच सांगितले पाहिजे. केवळ या एकाच दारावर सारी वर्षे खर्ची घालणे हिताचे नाही.

पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयीन अध्यापनासाठी अर्ज करता येतो. बी.एड. केल्यास शालेय अध्यापनाचा मार्ग खुला होतो. पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून वकिली करता येते. वृत्तपत्रव्यवसाय, निवडणूकविषयक सर्वेक्षण, धोरण-संशोधन आणि स्वयंसेवी संस्था यांतही या पदवीधरांना वाव आहे. त्यासाठी पदवीच्या जोडीला सुस्पष्ट लेखन, आकडेवारीचे ज्ञान, संगणकाचा वापर व इंग्रजीचे वाचन आवश्यक आहे. नुसते पदवीपत्र नोकरीची हमी देत नाही.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ग्रामसभेस नेऊन तेथील कामकाजाची टिपणे काढावयास सांगावे. पंचायत सदस्यांनी त्यांना अंदाजपत्रक व इतिवृत्त समजावून द्यावे. अशा अध्ययनातून कोणी अधिकारी होईल, कोणी शिक्षक होईल. जो गावीच राहील, तोही आपल्या हक्काचा आणि कर्तव्याचा जाणता नागरिक होईल. लोकशाहीस अशा नागरिकाची गरज अधिकाऱ्याइतकीच आहे.