डब्यातल्या मांजरालाही परवानगी लागते

समांतर विश्वं, एकाच वेळी दोन खोल्यांत दिसणारा माणूस, जिवंत की मेलेलं हे न ठरलेलं मांजर. क्वांटम भौतिकीवर स्वतंत्रपणे सिनेमा काढायचा तर या गोष्टी स्वस्तात होतात. महाग पडतं ते वेगळंच: कॅमेऱ्याबरोबर येणारा अटेंडंट, शिफ्ट संपल्यावरचा एक तास आणि तयार सिनेमा पडद्यापर्यंत नेणं.

गोष्ट एका घरात बसवा

अमेरिकेत जेम्स वॉर्ड बिर्किट यांनी ‘कोहिरन्स’ (२०१३) स्वतःच्या घरात, पाच रात्रींत, सुमारे ५० हजार डॉलरमध्ये चित्रित केला. आठ माणसं, एक जेवण आणि वीज गेलेली वस्ती. प्रयोगशाळेचा सेट नाही, यंत्रं नाहीत. तुम्हीही हाच मार्ग धरा. लेझर आणि धुराचं मशीन यादीतून आजच काढून टाका.

विज्ञान तपासून घ्यायला पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आहे, मुंबईत टीआयएफआर. तिथल्या प्राध्यापकांना अख्खी पटकथा पाठवू नका. दोन पानांत नेमके प्रश्न पाठवा आणि मानधनाचं आधीच विचारा. श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालणार असाल तर लेखी होकार घ्या. संस्थेचं नाव वापरायचं तर संस्थेची परवानगी वेगळी लागते.

दहा लाखांचा हिशेब

एक फ्लॅट, १० दिवस, १५ माणसं असं धरू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या शहरातले दर विचारून बदला. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड रोज ६ हजार; लाइट्स रोज ६ हजार; साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या सामानासह रोज ६ हजार. दहा दिवसांचे झाले १ लाख ८० हजार. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण रोज माणशी ३५० रुपये, म्हणजे दहा दिवसांचे ५२,५०० रुपये. कॅमेरा आणि लाइट्सच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २१,६००. एकूण २ लाख ५४ हजार. प्रवास आणि जागा धरून शूटिंगला ३ लाख ठेवा.

उरलेल्या ७ लाखांची वाटणी अशी: मानधन अडीच लाख, संकलन, ध्वनी, रंग आणि व्हीएफएक्स अडीच लाख, कागदपत्रं, महोत्सव, डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) १ लाख, राखीव १ लाख. ‘मित्रच आहेत, फुकट करतील’ हे गृहीत धरू नका. करत असतील तरी एका पानाचा करार करा.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

भाड्याचं कोटेशन घेताना हे प्रश्न विचारा. अटेंडंटचे पैसे धरलेत का? त्याचा कन्व्हेयन्स कोण देणार? शिफ्ट किती तासांची, ओव्हरटाइम कितीनं? मेमरी कार्ड, जादा बॅटऱ्या, फिल्टर यांचे वेगळे पैसे आहेत का? अनामत किती, मोडतोड झाली तर भरपाई कशी? सगळी उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा.

सोसायटीचं ना-हरकत पत्र शूटिंगच्या आधी घ्या. सेक्रेटरींची तोंडी परवानगी दुसऱ्या रात्री अकरा वाजता बदलते. रस्त्यावर किंवा सरकारी जागेत शूट करायचं असेल तर राज्याच्या एक खिडकी योजनेतून ऑनलाइन अर्ज करा. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासा.

एका नटाचे दोन करताना

एकाच स्वयंपाकघरात एकच बाई ओट्याशीही उभी आणि टेबलाशीही बसलेली, हा शॉट जवळजवळ फुकट होतो. ट्रायपॉड हलवायचा नाही. त्याच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. खिडकीला काळं कापड लावा, नाहीतर दोन टेकमध्ये ऊन सरकतं आणि जोड उघडी पडते. ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० ठेवा. नजर कुठे लावायची ते कळावं म्हणून समोर एक माणूस उभा करा. दोन्ही टेक संकलनात मधोमध जोडले की झालं. खर्च होतो तो वेळेचा: कपडे, केस बदलून एका शॉटला दोन तास धरा. दिवसाला असे दोनच ठेवा.

सॉफ्टवेअरवर खर्च नको. ब्लेंडर मोफत आहे. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यूएचडीपर्यंत आउटपुट देते. २के डीसीपीला ते पुरतं. नासाची बहुतेक छायाचित्रं मोफत वापरता येतात, बोधचिन्ह नाही.

कागदपत्रं

कॉपीराइट कार्यालयात पटकथेच्या नोंदणीला ५०० रुपये लागतात, तयार चित्रपटाच्या नोंदणीला ५ हजार. मराठी चित्रपटाच्या नावाची नोंद अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे करा.

आता मांजर. पडद्यावर खरं मांजर दिसणार असेल तर शूटिंगच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर ना-हरकत दाखला लागतो. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगढला आहे. पशुवैद्याचा दाखलाही जोडावा लागतो. ‘घरचंच मांजर आहे’ हे चालत नाही. दाखला नसला की सेन्सॉरकडे अर्ज अडकतो. सोपा उपाय: पेटी दाखवा, ती उघडू नका, आतून आवाज येऊ द्या. बंद पेटीतल्या मांजराच्या श्रोडिंगरच्या कल्पित प्रयोगाला तेवढं पुरतं.

सिगारेटही टाळा. एक झुरका दाखवला तरी सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफिती आणि त्या दृश्यावर इशारा घालावा लागतो.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन होतो, शुल्क लांबीनुसार. प्रदर्शनाची तारीख ठरवण्याआधी दोन महिने हातात ठेवा. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. थिएटरसाठी डीसीपीशिवाय डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्कही निर्मात्याकडून घेतलं जातं. वितरकाशी बोलताना ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. कर्णबधिरांसाठी कॅप्शन आणि अंधांसाठी ध्वनिवर्णन यांचीही तरतूद ठेवा.

राज्याचं मराठी चित्रपट अनुदान अनेक वर्षं अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असं राहिलं आहे. अर्जाआधी चालू शासन निर्णय वाचा. पण ते मिळतं सिनेमा पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

शूटिंगनंतरची कामं, कागदपत्रं आणि राखीव मिळून साडेचार लाख होतात. पहिल्या दिवशी ते वेगळ्या खात्यात नसतील, तर शूटिंगची तारीख पुढे ढकला.